वडमाईच्या गळ्यातल्या तारेची कहाणी

ऐक वडमाई, तुझी कहाणी. ज्येष्ठाची पौर्णिमा होती. सूर्य उगवून दोन घटका झाल्या होत्या, तेव्हा हे सुरू झालं.

आटपाट गाव होतं, गावाकडेला थोरला वड होता. वडाखाली एका खोलीचं घर. घरात द्वारका, तिचा नवरा रंगनाथ, सासू भिमाबाई आणि पाळण्यात तान्ही लेक. त्या घटकेला वरची फांदी करकरली. द्वारकेनं पाहिलं, तर बेचक्यात हात मावेल एवढी चीर. तिनं पाळणा या कोपऱ्यात नेला, वर फांदी. त्या कोपऱ्यात नेला, वर फांदी. दाराशी आणला, तिथंही फांदी.

मग ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, फांदी थोडी छाटूया, ओझं उतरेल." सासू कडाडली, "सवाष्ण ना गं तू? वडाला कोयता लावतेस? नवऱ्याचा कंटाळा आला का?"

द्वारकेनं छाटायचा विचार सोडला. मग शिडी लावून तिनं फांदीला सूत गुंडाळलं, पूजेला गुंडाळतात तसं. फांदी करकरली. मग काथ्या गुंडाळला. फांदी करकरली. मग लोखंडी तार आणली, फेऱ्यावर फेरे घेतले, करकचून आवळली. फांदी गप्प झाली. सासू म्हणाली, "बघ, भक्तीनं भागलं."

पण तार सालीत रुतली. पानं पिवळी पडली, गळली. वाळक्या डहाळ्या कौलांवर आदळू लागल्या. लेक दचकून रडे. द्वारकेला घास जाईना. ती वडाखाली बसून रडू लागली, "माई, माझी लेक नेऊ नकोस."

तोंच एक म्हातारी आली. हिरवं लुगडं, गळ्याभोवती काळानिळा वळ. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मुली, लेकराला कडेवर कसं घेतेस? मान आवळून?"

"नाही गं माई! बुडाखाली हात घालून."

"मग माझीच मान का आवळलीस?"

द्वारकेनं तिचे पाय धरले. "चुकले माई. उपाय सांग."

"तार सोड. वाळलेलं काप, जड शेंडे हलके कर. आधी खालून छेद दे, मग वरून काप, नाहीतर साल सोलून निघेल. कापशील त्या डहाळीच्या मुळाशी फुगीर कड असते ती राख, तिथून जखम भरते. मग बेचक्यातल्या चिरेच्या बरंच वर, खोडात नि फांदीत आरपार लोखंडी कांबी घाल, त्या एकमेकींना जाड दोरानं जोड. गुंडाळू नकोस. दरसाल पूजेआधी मान वर करून बघ. हा तुझा वसा." एवढं बोलली नि दिसेनाशी झाली.

द्वारकेनं रंगनाथाला सांगितलं. तो कोयता घेऊन निघाला, तर सासू वडाला मिठी मारून बसली. "आधी मला काप!" रंगनाथ म्हणाला, "बस आये. पण नातीला मांडीवर घेऊन बस." सासूनं वर पाहिलं. उठून बाजूला झाली.

मग रंगनाथ चढला, द्वारकेनं खालून दोर धरला. सांगितलं तसं सारं केलं.

मग एके दिवशी वावटळ आली. भर दुपारी अंधारलं. फांदी चिरेतून फाटली, खाली झेपावली. द्वारका लेकीवर पालथी पडली, डोळे मिटून घेतले. दोर तडाडला. मग काहीच ऐकू येईना. डोळे उघडते, तर लेक अंगाखाली श्वास घेत होती. तिला उचलून दाराबाहेर येऊन बघते, तर फांदी कौलांच्या वीतभर वर दोराला लोंबकळत होती.

सासू धडपडत अंगणात गेली, कुंपणापलीकडच्या शेजारणीला ओरडली, "अगं गोदे, तुझ्या चिंचेकडं बघितलंस का? पोरं आत घे, आधी वर बघ!"

वडमाईनं जशी द्वारकेची लेक राखली, तशी तुमची आमची राखो. साठां बोलांची कहाणी पांचां बोलांत पुरी, ऐकेल तिला फळो. आणि बायांनो, परतताना वाटेत जी भेटेल तिला सांगा, घरावरच्या झाडाकडं आजच बघ.