नावाडीण यसाईचे दोन नकार

ऐका बरं का, लहानांनी आणि मोठ्यांनीही! नद्यांवर पूल बांधायची अक्कल माणसाला आली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

एका राज्यात यसाई नावाची म्हातारी नावाडीण होती. तिच्या घाटाची एक रीत होती. होडीत पाय टाकण्याआधी प्रत्येकाने कशासाठी चाललो ते सांगायचं. कुणी म्हणे मीठ आणायला, कुणी म्हणे बहिणीला भेटायला. मग यसाई वल्हं उचलायची.

एकदा राजाचं पलीकडच्या राज्याशी बिनसलं. नदीतल्या बेटावरच्या गवतावरून, दुसरं काय! सकाळीच सेनापती तीनशे सैनिक घेऊन घाटावर आला. पलीकडचं पहिलंच गाव म्हणजे यसाईच्या लेकीचं सासर. लेकीचे दिवस भरत आले होते.

तिचा दीर केरबा कानाशी लागला. "वहिनी, ने त्यांना. डोहात गेलीस की तळाचं बूच काढ. तू पोहून येशील. पन्नास बुडाले की बाकीचे पळतील."

"काय बोलतोस केरबा! लढाई नको म्हणायचं आणि पन्नास जण बुडवायचे?"

"मग जाऊ दे तुझी लेक!"

यसाईला रडू फुटलं. तरी ती होडीसमोर उभी राहिली. "कशासाठी चाललात रे?" तिने विचारलं. सैनिक खाली बघू लागले. कित्येकांच्या आत्या, मावश्या पलीकडे दिलेल्या.

"माणसं मारायला!" सेनापतीच ओरडला.

"मग माझं वल्हं चालायचं नाही. हवं तर मान उडवा माझी."

सेनापतीने तिला बाजूला ढकललं आणि आठ जणांना घेऊन स्वतःच होडी हाकारली. त्याला तलवार येत होती, वल्हं कुठे येत होतं? डोहातल्या भोवऱ्यात होडी गरकन फिरली आणि उलटली.

"बरं झालं! मरा!" केरबा टाळ्या पिटू लागला.

यसाईने कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक त्याच्या हातात कोंबलं. "धर. सोडलास तर मीही जाईन." आणि तिने उडी घेतली.

"तुझ्याच लेकीच्या गावावर निघालेत हे!" म्हणत केरबा शिव्या घालत होता आणि दोर ओढत होता. एकेक करत नऊही जण वाळूवर आले.

"वेडी आहेस का?" सेनापती पाणी ओकत म्हणाला. "आम्ही बुडालो असतो तर तुझी लेक वाचली असती."

"आज वाचली असती. उद्या तुझा भाऊ सूड घ्यायला आला असता. आणि बाबा, तुलाही कुण्या आईने नऊ महिने वाहिलंय."

"आता मी उठून पुन्हा निघालो तर?"

"पुन्हा आडवी येईन. मला दुसरं काय येतं?"

खरं सांगतो, सेनापती दगडाच्या काळजाचा असता तर त्या गावाचं काही खरं नव्हतं. यसाईलाही ते कळत होतं. पण सेनापती उठलाच नाही, गुडघ्यांत तोंड घालून हमसून हमसून रडला. मग त्याने राजाला निरोप धाडला, "महाराज, मी पलीकडे बोलायला जातो. लढायचंच असेल तर दुसरा सेनापती बघा." राजाने बघितलाही असता, पण तीनशे सैनिक वाळूवर फतकल मारून बसले होते. एकही उठेना.

चौथ्या दिवशी दोन्ही राज्यांनी गवत निम्मं निम्मं वाटून घेतलं. पाचव्या दिवशी यसाईला नात झाली. केरबा तर गावभर सांगत सुटला, "दोर मी धरला होता, मी!"

तात्पर्य: ज्याला युद्ध नको आहे, त्याला मारायला निघालेल्याचाही जीव हवा असला पाहिजे.