एकविसावी कानटोपी

“मग परवा द्वादशीला उद्यापन करू ना, बुवा?”

घाटमाथ्यावरच्या मठाच्या ओसरीत कालिंदीबाईंनी गाठोडं सोडलं. आत कानटोप्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, मऊ, एकसारख्या.

आवजीबुवा उन्हात शेंगा फोडत बसले होते. त्यांनी सूप बाजूला सारलं.

“किती झाल्या?”

“संकल्पाप्रमाणे, बुवा. एकवीस.”

कालिंदीबाईंची लेक मृणाल पोटुशी होती. याआधी दोनदा पोटातलं टिकलं नव्हतं. म्हणून बाईंनी आषाढात व्रत धरलं होतं. घरच्या पांढऱ्या कुत्रीचे, शेवरीचे, केस विंचरायचे, रिठ्याच्या पाण्यात धुवायचे, टकळीवर सूत काढायचं, आणि चातुर्मास संपायच्या आत एकवीस कानटोप्या विणून पायथ्याच्या वृद्धाश्रमात द्यायच्या. लेकीला आता सातवा लागला होता.

“घरचे काय म्हणतात?” बुवांनी विचारलं.

“सासूबाई म्हणतात, कुत्र्याचे केस डोक्यावर घेऊन म्हातारे भुंकायला लागतील.”

बुवांनी एक टोपी उचलली. डोक्याला घातली. कानांवर ओढली. थोडा वेळ थांबले.

“अजून तरी नाही भुंकलो.”

कालिंदीबाई हसल्या. मग त्यांना राहवेना. “टाका बघा ना, बुवा! एक सुटलेला दाखवा. आमच्या भजनी मंडळातल्या बायका वाती वळतात, जप लिहितात. असं व्रत कुणी केलं नसेल.”

बुवांनी टोपी काढून दुसरी घातली. मग तिसरी. एकेक घालून, काढून, नीट रचून ठेवत गेले. बाई कौतुकाने बघत राहिल्या.

एका टोपीशी त्यांचा हात थबकला. त्यांनी कपाळ खाजवलं.

“ही टोचते.”

“टोचेल कशी, बुवा? सगळ्या शेवरीच्याच आहेत.”

“असतील.”

बुवांनी ती टोपी मांडीवर ठेवली. उरलेल्याही घालून पाहिल्या. मांडीवर ती एकच राहिली.

“आज शेवरी नाही आली? नेहमी तुझ्या पायात पायात असते.”

“आज... घरीच ठेवली.”

“बरी आहे ना?”

“बरी आहे.”

ओसरीसमोर चिमण्या शेंगांची टरफलं उलटीपालटी करत होत्या. बुवा तिकडे बघत राहिले. त्यांना काही घाई नव्हती...

“केस कमी पडले, बुवा.”

बुवांनी नजर बाईंकडे वळवली.

“चारच दिवस राहिले होते. विंचरून विंचरून कंगव्याला मूठभरही येईना. झडायचं ते झडून गेलं होतं. मग...” कालिंदीबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “मग कात्रीने घेतले. पाठीवरचे.”

“उभी राहिली?”

“ह्यांनी धरलं.”

“ओरडली?”

बाईंनी खाली पाहिलं.

“विंचरून निघतो तो आतला कापूस असतो, बुवा. कापलेल्या केसाला टोक राहतं. मला ठाऊक होतं ते. वाटलं, वीस टोप्यांत एक कुणाला कळणार आहे...”

“आता कुठे आहे ती?”

“पलंगाखाली. कंगवा दिसला की भिंतीला चिकटते. भाकरीसुद्धा तिथेच सरकवावी लागते.”

बुवांनी मांडीवरची टोपी उलटीसुलटी केली.

“दुकानातली लोकर आणते,” बाई घाईघाईने म्हणाल्या. “एक टोपी विणायला मला कितीसा वेळ? द्वादशीच्या आत होईल.”

“संकल्प कशाचा सोडला होतास?”

“...शेवरीच्या केसांचा.”

“हं.”

“मग माझं व्रत मोडलं का, बुवा?” त्या पुढे सरकल्या. “मोडलं असेल तर तसं सांगा. पण मृणालच्या वाट्याला नको... ती काही चुकली नाही हो.”

“शेवरी तरी कुठे चुकली होती?”

कालिंदीबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

बुवांनी ती टोचरी टोपी स्वतःच्या डोक्याला घातली. कानांवर घट्ट ओढली. हनुवटीखाली बंद बांधला. मग राहिलेल्या वीस टोप्या गाठोड्यात बांधून बाईंच्या पुढे सरकवल्या.

“या आजच देऊन ये. पहाटे गारठा पडायला लागलाय.”

“आणि एकविसावी?”

“ही माझी.”

“टोचेल हो, बुवा.”

“टोचतेय.”

त्यांनी सूप पुढे ओढलं आणि पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या. कालिंदीबाई गाठोडं घेऊन उठल्या. पायरीपर्यंत गेल्या. तिथून मागे वळल्या.

“मग उद्यापन, बुवा? परवाची तिथी टळली तर पुन्हा कधी करायचं?”

बुवांनी टोपीत बोट घालून कपाळ खाजवलं.

“शेवरी आपणहून पलंगाखालून बाहेर येईल... ती तिथी धर.”