सत्त्याण्णव टक्के गुंतलेली यंत्रं

"सत्त्याण्णव टक्के यंत्रं कामात आहेत, सर. मग रांग का हलत नाही?"

शिगवण सर देवळाच्या पायरीवर बसून तांब्याचा एक भला मोठा टोप चिंचेने घासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठली रांग?"

हा प्रश्न निनाद वर्तकला झोंबला. पुण्याहून पहाटे निघून तो संगमेश्वराजवळच्या या गावात आला होता आणि चहासुद्धा न घेता त्याने लॅपटॉप उघडला होता. तीन वर्षं खपून त्याने सात संशोधन संस्थांचे संगणक एकमेकांना जोडले होते, त्यांचा एक सामायिक क्लाउड उभा केला होता. कुठल्याही गावातल्या अभ्यासकाने आपलं गणित पाठवावं, जिथलं यंत्र मोकळं असेल तिथे ते चालावं, उत्तर घरबसल्या मिळावं. कल्पना अशी की ऐकणाऱ्याने टाळ्या वाजवाव्यात. लोकांनी वाजवल्याही होत्या.

आता सातांपैकी चार संस्थांची पत्रं आली होती. आमचा नंबर लागत नाही, आमचे संगणक आम्हाला परत द्या. सोमवारी बैठक होती. चार संस्था बाहेर पडल्या की सगळाच खेळ आटोपला.

शिगवण सरांनी बत्तीस वर्षं पुण्यातल्या एका संस्थेचं संगणकघर सांभाळलं आणि निवृत्त झाल्यावर गाव गाठलं. निनाद त्यांच्या हाताखाली शिकला. बैठकीला येणाऱ्यांपैकी निम्म्यांनी कधी ना कधी त्यांची बोलणी खाल्ली होती. म्हणून निनादला सरांना पुण्याला न्यायचं होतं.

"तुम्ही दोन शब्द बोललात तर ऐकतील, सर."

पुढचं सगळं मला निनादनेच सांगितलं. त्यात त्याची स्वतःची शोभा झाली आहे, म्हणून खरं धरायला हरकत नाही.

"रांगेत सगळ्यात जुनं कोण?" सरांनी विचारलं.

निनादने पाहिलं. "प्राध्यापक नूरजहाँ मुजावर. एका तालुक्याच्या कॉलेजात शिकवतात. घोणस जातीच्या सापाच्या विषावर काम आहे. त्यांच्या भागातल्या सापाचं विष वेगळं आहे का, तिकडे औषध कमी का लागू पडतं, ते शोधतायत."

"किती दिवस थांबल्यात?"

"एकसष्ट."

"आणि साप चावलेला माणूस किती थांबतो?"

निनादने बाईंचा अर्ज उघडला.

"अर्जावर बाईंनी काही लिहिलंय?"

"लिहिलंय... 'दिलेला वेळ उरल्यास कृपया परत घ्यावा.'"

सर हसले. टोप बाजूला ठेवून त्यांनी हात धुतले आणि ते निनादच्या शेजारी येऊन बसले.

"आता तुझी सत्त्याण्णव टक्के यंत्रं काय करतायत ते दाखव."

"हा काय आकडा, सर."

"आकडा नको. काम दाखव."

चालू कामांची यादी निनादने तीन वर्षांत एकदाही नीट वाचली नव्हती. किती यंत्रं गुंतली आहेत त्याचा आलेख तेवढा तो बघायचा. आलेख वर चढला की त्याला जेवण गोड लागायचं.

यादी उघडली. पहिल्या कामाचं नाव होतं 'अतिमहत्त्वाचे-२'. निनादने ते आतून पाहिलं. दोन संख्या घ्यायच्या, गुणाकार करायचा, उत्तर टाकून द्यायचं, पुन्हा तोच गुणाकार करायचा. एकोणीस दिवस हेच चाललं होतं.

दुसरं काम दुसऱ्या संस्थेचं. तिथे बेरीज होती.

तिसरं, चौथं... पाचव्याचा मालक जरा प्रामाणिक निघाला. त्याने कामाचं नावच 'जागा' असं ठेवलं होतं.

निनादचे कान तापले.

"असं का करत असतील?" सरांनी विचारलं.

"काय माहीत."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नये, निनाद."

निनादने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. "नियम आहे तसा. ज्या संस्थेचा यंत्रांतला वाटा महिनाभर रिकामा राहील, तिचा वाटा पुढच्या महिन्यात कापायचा."

"नियम कुणी केला?"

"...मी."

मग निनादचा राग उफाळून आला.

"पण म्हणून फसवायचं? ही काय अडाणी माणसं आहेत? मी सोमवारच्या आत प्रोग्राम लिहितो. खोटं काम दिसलं की बंद."

"ते जरा खऱ्यासारखं दिसणारं खोटं लिहितील."

"मग मी तेही ओळखणारा प्रोग्राम लिहीन."

"लिही की. तुम्ही सगळे हुशार आहात. विषाचं काम बाईंनी पाटी-पेन्सिलीवर करावं."

सरांनी टोपावर बोटाने टिचकी मारली.

"ही गावकीची भांडी. कुणाकडे लग्न असो, बारसं असो, दिवसकार्य असो, देवळातून न्यायची, घासून परत ठेवायची. असे नऊ टोप आहेत."

"माहीत आहे, सर. मागे तुम्ही दाखवले होते."

"एक गोष्ट सांगितली नव्हती. धाकट्या बहिणीला स्थळं बघत होतो तेव्हाची. लग्न ठरलं नव्हतं, ठरायचं होतं. मी आपला एक टोप नेला आणि माळ्यावर ठेवला. म्हटलं, ऐन वेळी मिळाला नाही तर? शेजाऱ्याने ते पाहिलं. त्याच्या मुलाची मुंज दोन वर्षांवर होती. त्यानेही एक नेला. मग खालच्या वाडीने दोन नेले..."

"आणि?"

"आणि जानकीकाकूंच्या मुलाच्या लग्नात गावात नऊ टोप, पण भात शिजवायला एकही मिळेना. घराघरांतली पातेली गोळा केली. वऱ्हाड साडेतीनला जेवलं. काकू मला म्हणाल्या, बाळू, माझ्याच वेळी कसं रे असं झालं? टोप माझ्या माळ्यावर होता आणि मी त्यांच्यासमोर उभा होतो."

इतक्या वर्षांनीही सरांना ते बोलताना जड गेलं, हे निनादला दिसलं.

"मग गावाने कुलूप लावलं असेल."

"लावलं ना. टोप बाहेरच राहिले आणि किल्लीवरून भांडणं सुरू झाली."

"मग?"

"मग एके दिवशी भर दुपारी मी टोप माळ्यावरून उतरवला, डोक्यावर घेतला आणि गावातून चालत देवळात आणून ठेवला. आडवाटेने आणता आला असता."

"लोक काय म्हणाले?"

"हसले. पोरं मागे लागली. आठवड्याभरात सहा टोप परत आले. एक शिमग्याला आला."

"आणि नववा?"

"तो अजून यायचाय."

"मग भागतं कसं?"

"आठ टोपांत गाव जेवतं, निनाद."

सर उठले. त्यांनी लॅपटॉप उचलला, निनादच्या मांडीवर नीट ठेवला आणि ते पुन्हा टोप घासायला बसले. बस, एवढंच.

निनाद यादीकडे बघत राहिला. त्याची नजर खाली खाली गेली. अगदी तळाशी एक काम होतं. नाव 'देखभाल'. दोनशे यंत्रं अडवून बसलेलं. सुरू होऊन अकरा महिने झाले होते. पूर्ण यादीत याच्याइतकं जुनं दुसरं काम नव्हतं.

"ते वेगळं आहे, सर," तो म्हणाला.

"मी कुठे काय म्हटलं?"

"ती सोय आहे. कुठे काही बिघडलं तर हाताशी यंत्रं असावीत... चालवणाऱ्याला एवढं लागतंच."

चिंचेचा चोथा टोपावर फिरत होता.

"अकरा महिन्यांत तीनदा लागली असतील," निनाद म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "दोनदा."

सर घासतच होते.

"सर... बाकीच्यांनी माझंच बघून सुरू केलं असेल का?"

निनादला उत्तर नको होतंच. ही यादी सातही संस्थांना उघडी होती. त्याने वाचली नसली तरी त्यांनी वाचली होती. आपला तो बाब्या म्हणून त्याने अकरा महिने जो सांभाळला, तो सगळ्यांना रोज दिसत होता.

त्याने काम निवडलं. बोट कळीवर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. मग दाबलं.

दोनशे यंत्रं मोकळी झाली. काही क्षण यादी तशीच राहिली आणि मग रांगेतली सगळ्यात जुनी ओळ उचलली जाऊन वर गेली. नूरजहाँ मुजावर. चालू.

निनादने सातही संस्थांना एक पत्र लिहिलं. चार ओळींचं. पहिलं खोटं काम माझं होतं, आज बंद केलं. वाटा कापण्याचा नियमही आजपासून मागे घेतला. पुन्हा न वाचताच त्याने ते पाठवून दिलं.

पहिलं उत्तर मात्र संस्थांकडून आलं नाही. ते मुजावर बाईंचं होतं. 'सर, माझं काम सुरू झालेलं दिसतंय. नजरचुकीने तर झालं नाही ना? तसं असल्यास थांबवते.'

निनादच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने सरांना वाचून दाखवलं आणि लिहिलं, 'चूक नाही. चालू द्या.'

चहा झाला. पोहेही झाले. 'जागा' नावाचं काम यादीतून कधी गेलं ते दोघांनाही कळलं नाही, पण ते गेलं होतं. 'अतिमहत्त्वाचे-२' अजून गुणाकार करत होतं.

निनाद निघायला उठला. बॅग खांद्याला लावली, तरी पाऊल उचलेना.

"तुम्ही येणार नाही ना सोमवारी?"

"नाही."

"दोन शब्दसुद्धा नाहीत?"

"तू आज चार ओळी लिहिल्यास की."

"पण सर, रविवारीच काही बिघडलं तर? माझ्या हातात आता एकही यंत्र नाही. सगळ्यांसारखा अर्ज करून बसू मी? ज्याने उभं केलं त्याचाच नंबर शेवटचा?"

"शेवटीच उभा राहा," सर म्हणाले. "मागे माणसं येतात. फार वेळ शेवटचा राहणार नाहीस."