नदी उजव्या हाताला

"मग यातलं काय काढू, बाबा?"

सोमणांनी सॅक ओसरीवर रिकामी केली होती. सगळ्या वस्तू चटईवर ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येकीला चिकटपट्टीचा एक तुकडा, त्यावर तिचं वजन. ग्रॅममध्ये.

सुकदेवबाबा खांबाला टेकून बसले होते. मूळचे चोपड्याकडचे. नर्मदेची परिक्रमा तीनदा पायी करून ते दक्षिण तटावरच्या या लहानशा आश्रमात राहिले होते. इथून पुढे डोंगराची चढण लागते. म्हणून येणारा प्रत्येक जण त्यांना आपली सॅक दाखवतो. जे नको ते मागच्या खोलीत ठेवतो. ज्याला हवं असेल तो ते घेऊन जातो.

बाबांनी टूथब्रश उचलला. दांडा मधोमध कापलेला होता.

"दातही अर्धेच घासतोस?"

"सात ग्रॅम वाचतात."

सोमण हसले नाहीत. त्यांचं वय अठ्ठावन्न. चिंचवडच्या एका कारखान्यात मापं तपासण्याच्या विभागात त्यांची नोकरी झाली होती.

"सगळं मिळून किती?"

"आठ किलो दोनशे. पाणी सोडून. नुसती सॅक निवडायला चार महिने घालवलेत, बाबा. एकोणीस सॅका पाहिल्या. दुकानात वाळूच्या पिशव्या भरून जिने चढून पाहिलं. दुकानदार वैतागला. पाठीची लांबी मोजली, कमरेचा पट्टा मोजला. सगळं वजन कमरेवर येतं. खांद्यावर काही येताच कामा नये. तरी कालपासून डावा खांदा दुखतोय. एक किलो तरी कमी व्हायला हवं."

"कालपासून?"

"हो."

"चालतोस किती दिवस?"

"आज सोळावा. ओंकारेश्वरहून."

बाबांनी मान हलवली. विजेरी पाहिली, ठेवली. औषधांची डबी पाहिली, ठेवली. मग त्यांचा हात एका लांबट निळ्या पिशवीवर थांबला.

"हे काय?"

"तंबूच्या काठ्या. घडीच्या आहेत. आणि मेखा. नऊशे चाळीस ग्रॅम."

"कापड?"

सोमणांनी पिशवीचं तोंड आवळलं.

"आणि ही शेगडी. भांडं कुठंय?"

"ते... माझ्याकडे नाही."

परिक्रमेत माणसं मोजताना मूर्ती म्हणतात. जितक्या मूर्ती तितका शिधा. बाबा म्हणाले, "काल पीठ देताना मी विचारलं, किती मूर्ती? तू एक म्हणालास."

"एकच आहे."

"काठ्या दोघांच्या आहेत."

सोमणांनी शेगडी उचलून उगाच पुसली. पुन्हा जागेवर ठेवली.

"घारे आहे मागे," ते म्हणाले. "यशवंत घारे. बत्तीस वर्षं आमची टेबलं शेजारी शेजारी. परिक्रमेचं खूळ त्याचंच. मी नुसती तयारी केली. तंबू दोघांत एक घेतला, म्हणजे वजन निम्मं. काठ्या मी, कापड त्याने. शेगडी मी, भांडं त्याने."

"मग?"

"मग काय... बूट एक नंबर मोठे घे, असं मी त्याला लिहून दिलं होतं. चालून पाय सुजतात, हे कुणीही सांगेल. हा जुनेच घालून आला. म्हणे, हे माझ्या पायांना ओळखतात. आठव्या दिवशी दोन्ही टाचा सोलल्या. मी दिवसाचे वीस किलोमीटर धरले होते. चौदा झाले. मग अकरा. परवा सात. सात, बाबा! बायका डोक्यावर लाकडं घेऊन आमच्या पुढे निघून गेल्या. वर हा त्यांना विचारतो, मावशी, मला घेता का मोळीवर?"

बाबा हसले. सोमणांना ते आवडलं नाही.

"चार दिवस मागे पडलो. वेळापत्रक नुसतं नावाला उरलं."

"आता कुठंय तो?"

"मागच्या गावात. शाळेच्या ओसरीवर. इथून बारा किलोमीटर. काल सकाळी मी त्याला म्हटलं, तू ये सावकाश, मी पुढे थांबतो."

"थांबणार होतास?"

अंगणातली शेळी पेंडीच्या टोपलीत तोंड घालू लागली. बाबांनी तिला हाकललं नाही.

"थंडी वाढायच्या आत चढण पार व्हायला हवी," सोमण म्हणाले.

"तो काय म्हणाला?"

"काही नाही. जा म्हणाला." सोमणांनी औषधांची डबी ओळीत सरळ केली. "आज सकाळी भंडाऱ्याचे एक महाराज पुढे आले, त्यांच्याबरोबर त्याने निरोप पाठवलाय. उद्या सकाळी गावातून बस आहे. तिने घरी जातो म्हणे. तंबूचं कापड पुढे येणाऱ्या कुणाच्या हाती देतो, वाट बघ."

"मग?"

"कधी येणार ते कापड, आणि कुणाबरोबर? मागच्या खोलीत एकट्याचा तंबू पाहिला मी. नवाच आहे. वजन करून बघितलं. या काठ्या आणि शेगडी इथे ठेवतो, तो तंबू घेतो. मिळून सहाशे ग्रॅम कमी होतात. घेऊ ना?"

"खोलीला कुलूप नाही."

"म्हणजे घेऊ?"

"तू वजन विचारलंस. वजन कमी होईल."

सोमण उठले. खोलीपर्यंत गेले. दारात उभे राहिले... आणि तसेच परत येऊन चटईजवळ बसले.

"खांदा सॅक चढवताना दुखतो," ते म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. "चढवली की नाही दुखत. घारे रोज मागून उचलून धरायचा. मी नुसता हात घालायचो. काल पहिल्यांदाच एकट्याने चढवली. हिसका बसला."

बाबांनी काठ्यांची पिशवी उचलून परत ठेवली.

"तुम्हाला वाटत असेल, हा सोडून आला."

"मला काही वाटत नाही."

"मी परत गेलो असतो, बाबा. निरोप आला तेव्हाच उठलो होतो. पण जाता येत नाही ना!"

"का?"

"तुम्ही विचारता?" सोमणांचा आवाज चढला. "मैया उजव्या हाताला हवी. पहिल्या दिवसापासून उजव्या हाताला ठेवलीय. न्हायला उतरलो तरी तसाच उतरलो. मागे वळलं की ती डाव्या हाताला येते. परिक्रमा खंडित होते. पुन्हा ओंकारेश्वरापासून सुरुवात. माझं वय काय, गुडघे काय... दुसऱ्यांदा होणार नाही माझ्याने."

"हं."

"घारेलाही हे माहीत आहे. म्हणून तर त्याने ये म्हटलं नाही. नियम त्यानेच मला शिकवलाय."

"नियम आहे," बाबा म्हणाले.

"मग? माझं बरोबर आहे ना?"

"नियम बरोबर आहे."

सोमणांनी एकेक वस्तू सॅकेत भरायला घेतली. तळाला स्लीपिंग बॅग. मधे कपडे. जड ते पाठीलगत. काठ्यांची निळी पिशवी आणि शेगडी बाहेरच राहिली.

बाबा खांबाला धरून उठले. पायऱ्या उतरले आणि समोरच्या पाऊलवाटेवर जाऊन मावळतीकडे तोंड करून उभे राहिले. परिक्रमावासी त्याच दिशेने जातात. खाली उजव्या हाताला नर्मदा होती, शांत, हिरवट.

"कुठेय मैया?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"उजव्या हाताला."

बाबांनी एक पाऊल मागे टाकलं. तोंड मावळतीकडेच. आणखी एक पाऊल. टाचेने जमीन चाचपायची, मग भार टाकायचा. धोतराचा सोगा हातात धरून ते वाटेने मागे मागे जाऊ लागले. पाणी भरून येणाऱ्या दोन बाया थांबून बघत राहिल्या. एकीने तोंडाला पदर लावला.

वीसेक पावलांवर बाबा थांबले.

"आता कुठेय?"

सोमण ओसरीच्या कडेला आले होते.

"थट्टा करताय तुम्ही."

"कुठेय?"

"... उजव्याच हाताला."

बाबा सरळ चालत परत आले. पायरीवर बसून त्यांनी तळपायाचा काटा काढला.

"बारा किलोमीटर?" सोमण म्हणाले. "असं?"

"तेरा. ओढ्याला वळसा आहे. काल तू मोजला नाहीस."

"लोक हसतील."

"हसतील."

"सात किलोमीटर चालतो म्हणून मी त्याला काय काय बोललो... आणि आता मी असा..." सोमणांनी वाटेकडे पाहिलं. "संध्याकाळ होईल पोचायला."

"बस उद्या आहे."

सोमण चटईपाशी गेले. सॅकेकडे पाहत उभे राहिले. मग खाली बसून त्यांनी पुन्हा सगळं बाहेर काढलं. काठ्यांची पिशवी घातली, शेगडी घातली, उरलेलं वर कसंतरी कोंबलं. वजनांच्या पट्ट्या सुटून चटईवर पडल्या. त्यांनी त्या उचलल्या नाहीत.

सॅक गुडघ्यावर घेतली, तिथून खांद्यावर फेकली. डाव्या खांद्यातून कळ निघाली. बाबा जवळच होते. त्यांनी हात लावला नाही.

वाटेवर येऊन सोमण मावळतीकडे तोंड करून उभे राहिले. उजव्या हाताला पाहून घेतलं. एक पाऊल मागे. दुसरं. तिसऱ्याला टाच दगडावर चढली, सॅकेने मागे ओढलं आणि ते धपकन बसले. बाया आता मोकळेपणाने हसल्या.

"बाबाजी, इकडे तोंड करा म्हणजे पोचाल!" एक म्हणाली.

सोमणही हसले. सोळा दिवसांत पहिल्यांदा. हात टेकून उठले, मागचं झटकलं आणि पुन्हा उभे राहिले.

"बाबा," त्यांनी हाक मारली, "जाईन मी. पण मागचं काही दिसत नाही हो..."

सुकदेवबाबा पायरीवरून म्हणाले, "पंधरा दिवस पुढचं दिसत होतं. काय पाहिलंस?"