वीस मिनिटांची बरणी

ही गोष्ट फार जुनी नाही, हेमांगीची जुळी चालायला लागली तेव्हाची. आरशाच्या फळीवर काजळाची डबी आणि कंगवा सुखाने राहत होते. तिथे एक दिवस चेहऱ्याच्या लेपाची महागडी बरणी आली.

"मला लावून वीस मिनिटं शांत बसायचं," ती तोऱ्यात म्हणाली. "अंगावर छापलंय माझ्या!"

"जुळ्यांच्या आईने? शांत?" कंगवा खो खो हसला.

तेवढ्यात एक पोर कडेवर, दुसरं ओढणीला लटकलेलं, अशी हेमांगी आली. दोघांना काजळ घालून बोटावर उरलेलं तिने स्वतःच्या डोळ्यांत ओढलं, आरशात बघून हसली आणि पळाली. रोज असंच.

सहा महिन्यांत लेप सुकत आला. तेव्हा बरणी हळूच म्हणाली, "कंगवेदादा, तुझ्या दातांनी माझ्यावरचं ते छापलेलं तेवढं खरवडून टाक ना!"