गुलमोहर, मटार आणि एक तुंबी पाणी

मुलांनो, डोंगर उतरून जंगल जिथे ओढ्याला टेकतं, तिथे बांधाच्या पोटात बीळ करून एक साळू राहत असे. साळू म्हणजे साळिंदर हो, अंगभर लांब काटे असलेलं. तिला तीन पिल्लं होती, खायला चार तोंडं होती, पण राबायला ती एकटीच. सकाळी उठल्यापासून जी धावायला लागे ती दिवेलागणीपर्यंत. जेवायची तेसुद्धा उभ्या उभ्या, एक कंद तोंडात आणि एक डोळा दाराकडे. "आई, बस ना जरा," असं पिल्लं म्हणाली की ती म्हणे, "बसते रे, एवढं पाणी घालून आले की बसते." आणि ते पाणी घालणं काही संपत नसे.

पाणी कुणाला, तर दारातल्या गुलमोहराला. चार वर्षांपूर्वी मोराने डाकबंगल्याच्या अंगणातून त्याची एक शेंग चोचीत धरून आणली होती. मान वाकडी करून तो म्हणाला होता, "साळूबाई, याला अशी लालभडक फुलं येतात की अख्खं जंगल बघत राहील. पण हे झाड कुणीही वाढवू शकत नाही हो. त्याला तुमच्यासारखी कष्टाळू बाईच हवी!" आता हे झाड मोराने स्वतःच्या दारात का लावलं नाही, हे विचारायला हवं होतं की नाही? पण कौतुक ऐकलं की आपलं तोंड बंद होतं आणि हात कामाला लागतात. साळूचंही तसंच झालं.

तेव्हापासून सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन तुंब्या पाणी. तुंबी म्हणजे वाळलेल्या भोपळ्याचं भांडं. ती दातांत धरून ओढ्यावरून चढण चढायची म्हणजे मानेचे नुसते हाल. शिवाय उन्हाळ्यात बुंध्याशी पाला पसरायचा, पावसाळ्यात चर खणायचा, वाळवी दिसली की खरवडून काढायची. हरणांनी कोवळी पानं खाऊ नयेत म्हणून साळूने स्वतःच्या पाठीचे गळलेले काटे एकेक करून झाडाभोवती रोवले होते. झाड आता माकड चढून बसेल एवढं झालं होतं, तरी कुंपण आपलं होतंच, आणि दर महिन्याला ते ती नव्याने रोवत होती. येणारेजाणारे म्हणत, "वा, काय डौल आहे!" तेवढ्याने तिला बरं वाटे, आणि त्याच पाहुण्यांसाठी कंद उकरायला ती पुन्हा निघे. फूल मात्र चार वर्षांत एकही आलं नव्हतं.

बिळाच्या मागच्या बाजूला तिचे मटार होते. त्यांचे कसले लाड? दिवाळी झाली की मूठभर दाणे मातीत टोचायचे, तुंबीत उरलेलं पाणी चार दिवसांतून एकदा शिंपडायचं, बस्स. मटाराच्या वेलाला चढायला काटकी लागते, पण तीही त्यांना कधी मिळाली नाही. बिचारे जमिनीवरच लोळायचे. तरी दोन महिन्यांत शेंगा धरायच्या. हिरवे दाणे पिल्लं सोलून सोलून खायची, उरलेले वाळवून बिळात ठेवले की उन्हाळा निघायचा. वेल सुकले की सशांना चारा व्हायचा आणि माती पुढच्या वर्षी आणखी कसदार निघायची. वैशाखात जमीन अशी टणक होते की साळूच्या नखांनाही कंद लागत नाहीत. तेव्हा पिल्लांच्या पोटात जायचे ते हेच वाटाणे. पण मटार बघून "वा" म्हणायला बिळामागे कोण जातंय?

त्या वर्षी पाऊस बेताचाच झाला. पौषातच ओढा आटला आणि एवढासा डोह उरला. मग जंगलाच्या रीतीप्रमाणे पाण्याची पाळी लागली. म्हातारं कासव पाटकरी झालं, म्हणजे पाणी वाटून देणारं. डोहाच्या काठावर बसून त्याने सगळ्यांना बजावलं, "रोज घरटी एक तुंबी. दुसरी मागायची नाही. वाघाने मागितली तरी मिळणार नाही."

एक तुंबी! ती घ्यावी आणि कुणाला घालावी? मटार नेमके फुलोऱ्यात आले होते. आणि त्याच आठवड्यात गुलमोहराची पानं पिवळी पडून गळायला लागली. झाड मरतंय असंच साळूला वाटलं. तिने अख्खी तुंबी झाडाच्या बुंध्याशी रिकामी केली.

"आई, मटारांनी माना टाकल्या गं," थोरली मुलगी म्हणाली.

"आजच्या दिवस झाडाला घालू दे. चार वर्षांची मेहनत आहे माझी. उद्या मटारांना घालते."

उद्या उजाडला की झाडाखाली पानांचा आणखी सडा पडलेला असे, आणि तुंबी पुन्हा तिकडेच जाई. असे पंधरा उद्या गेले.

सोळाव्या दिवशी मोर चार पाहुणे घेऊन आला. झाड पार उघडंबोडकं झालं होतं. मोराने पिसारा आवरला आणि म्हणाला, "शी! हे दाखवायला आणलं मी सगळ्यांना? साळूबाई, जरा लक्ष द्यायला काय झालं होतं?" आणि आला तसा पाहुण्यांना घेऊन निघून गेला.

तेवढ्यात धाकट्या पिल्लाने मटाराची एक शेंग आणून तिच्यापुढे उघडली. आत दाणे नव्हते, नुसतं चपटं साल. "आई, यात काहीच नाही. आता उन्हाळ्यात आपण काय खायचं?"

साळू इतकी दमली होती की तिला रडायचाही कंटाळा आला. ती तशीच डोहावर गेली.

"कासवदादा, मी रीत मोडायला आलेय. आज मला दोन तुंब्या द्या. झाड मरतंय, मटार करपतायत, पोरांच्या तोंडात काय घालू मी?"

कासवाने तिच्याकडे नीट पाहिलं. "इकडे ये," ते म्हणालं आणि तिला दरडीखाली घेऊन गेलं. तिथे मातीतून एक जाडजूड मूळ बाहेर येऊन थेट डोहात उतरलं होतं.

"हे कुणाचं?" साळूने विचारलं.

"तुझ्या गुलमोहराचं. दोन वर्षं झाली त्याला इथे पोचून. रोज पोटभर पाणी पितो लेकाचा! वरून तू घालतेस ते त्याच्या गावीही नसेल."

"मग पानं कशी गळाली?"

"यंदासारखी हवा कोरडी पडली की ही जात पानं टाकते आणि गप्प उभी राहते. मरत नाही काही."

"अहो दादा, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोलणार कसं? वाटेत भेटलीस की तुझ्या तोंडात तुंबी. थांबून कधी काही विचारलंस मला?"

साळूला कासवाचा राग आला. मग तो राग कासवाचा नव्हता, स्वतःचाच होता, हेही तिला कळलं. तिने आपली एकच तुंबी भरून घेतली, गुलमोहराकडे न बघता बिळामागे गेली आणि सगळं पाणी मटारांना घातलं. मग झाडाभोवतीचे काटे उपटून आणले आणि प्रत्येक वेलाशेजारी एकेक रोवला. अर्धे वेल वाळून गेले होते, ते गेलेच. उरलेल्यांनी मात्र चार दिवसांत काट्यांना विळखे घातले, पुन्हा फुलं धरली, आणि उशिरा का होईना, दाणे भरले. दरवर्षीइतके नाहीत, जपून खाल्ले तर पुरतील एवढे.

वैशाखात गुलमोहर फुलला. पौषापासून त्याला कुणी थेंबभर पाणी घातलं नव्हतं, तरी तो शेंड्यापासून खालपर्यंत लालेलाल झाला. सगळं जंगल बघायला लोटलं. मोर मधोमध नाचत म्हणाला, "बघा, मी लावलेलं झाड!" माकडांनी टाळ्या वाजवल्या. साळूला टोचलं, खोटं कशाला बोला! मान अजून तिची दुखत होती आणि नाव मोराचं होत होतं.

"आई, मी जाऊन सांगू का सगळ्यांना?" थोरलीने रागाने विचारलं.

"राहू दे गं. सावली तर आपल्या दारात पडलीय ना? जा, वाटाणे घेऊन ये."

थोरलीने वाटाणे आणले. चौघांच्या वाट्याला मूठ मूठ आले. साळूने आपली मूठ पुढ्यात घेतली, गुलमोहराच्या सावलीत मांडी घातली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा ती बसून जेवली.

तात्पर्य : ज्याच्यासाठी आपण राबतो त्याला आपली गरज उरली आहे का, हे मधूनमधून थांबून विचारावं, नाहीतर कौतुकाच्या झाडाला पाणी घालता घालता पोटाचं पीक वाळून जातं.