पुसलेला कोपरा

आराखडे कागद सोडून नुकतेच संगणकात राहायला गेले होते, तेव्हाची ही गोष्ट. एका आराखड्यात लोखंडी पाचर होती. तिचं टोक हाताला लागू नये म्हणून तिथला कोपरा पुसून गोलाई आणली होती.

पाचरीची लांबी सांगायला मापरेषा आली नि अडखळली. उभं राहायचं कुठे?

“माझ्यापाशी थांब की,” गोलाई म्हणाली. “सरळ कड इथेच संपते.”

मापरेषेला ते पटलं. कारखान्यातल्या हणमंत मिस्त्रींनी त्या मापाने पाचर कापली, पण लांबी कमी पडल्याने उतार बिघडला आणि ती खाचेत शिरेना. “कुणी दिलंय हे माप?” म्हणत त्यांनी ती भंगारात फेकली.

शरमलेल्या मापरेषेने पाचरीच्या दोन्ही कडांना विचारलं, “बायांनो, गोलाई येण्याआधी तुम्ही एकमेकींना कुठे भेटायच्या?”

दोघी बारीक रेघांनी रिकाम्या जागेत पुढे सरकल्या आणि एका ठिपक्यावर मिळाल्या. मापरेषाही त्यांच्यामागून तिथे पोचली.

“आलीस?” तिथून पुसलेला कोपरा म्हणाला. “मला वाटलं, आता मला कोण विचारतंय!”

मापरेषेने तिथे पाय रोवला.

नव्या पाचरीच्या गोल टोकावरून मिस्त्रींनी अंगठा फिरवला आणि ती खाचेत ठोकली. नेमकी बसली. जिथून ती मोजली, तो कोपरा तिच्यात कुठेच नव्हता.